खंडणी एक, वसूल करणारे अनेक : सराईपासून हिंगोलीपर्यंत

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये माल विकून शेतकरी हिशेबपट्टी हाती घेतो, तेव्हा त्याची नजर प्रथम शेवटच्या आकड्यावर जाते आणि मग मधल्या कपातीवर. हमाली किती, तोलाई किती, आणखी काय काय. भाव पडला तर तो नशिबाला बोल लावतो. कपात जास्त दिसली तर माणसाला. वरकरणी ही साधी गोष्ट आहे, पण मोठमोठ्या सल्तनतींचा हिशेबही याच पट्टीवर मांडता येतो. राज्यकर्ता किती मागतो हे महत्त्वाचे खरे. त्याच्यासाठी वसुली कोण करतो, कोणत्या कराराने करतो आणि स्वतःकडे किती ठेवतो, यावर मात्र पेठ टिकते की उठते हे ठरते.

या सदरात आम्ही एरवी आपल्या आजूबाजूच्या बाजाराविषयी लिहितो. आज वाचकांना थोडे दूर, साडेसातशे वर्षांपूर्वीच्या रशियात घेऊन जात आहोत. तेथून परतीची वाट देवगिरीवरून हिंगोलीलाच येते.

जळालेली शहरे, वाचलेले शहर

चंगेजखानाचा नातू बातूखान याच्या फौजा १२३७ च्या हिवाळ्यात रशियन मुलखात शिरल्या. (मंगोल म्हणजे आपल्याकडचे मोगल नव्हेत. बाबराचे घराणे चंगेज व तैमूर या दोघांशी नाते सांगत असे, तेथून ते नाव आले. पण हा प्रसंग बाबराच्या तीनशे वर्षे आधीचा आहे.) त्यांची पहिली मागणी साधी होती : प्रत्येक गोष्टीचा दहावा हिस्सा. माणसांतला दहावा, घोड्यांतला दहावा. रियाझान शहराने नकार दिला आणि डिसेंबर १२३७ मध्ये ते बेचिराख झाले. फेब्रुवारी १२३८ मध्ये व्लादिमिर पडले, १२४० च्या डिसेंबरात कीव्ह. सहा वर्षांनी पोपचा दूत कार्पिनी कीव्हवरून गेला तेव्हा त्या प्रचंड शहरात जेमतेम दोनशे घरे उरली होती, असे त्याने लिहून ठेवले आहे.

कारागिरांचे नुकसान सर्वांत मोठे. लोहार, सोनार, काचकाम करणारे पकडून नेले गेले. कित्येक भागांत दगडी बांधकाम काही दशके बंद पडले. मिनाकारीचे काही नाजूक प्रकार तर पुढे कोणाला येईनासेच झाले. तलवारीने मारलेला माणूस मोजता येतो, हुन्नर मेला तर त्याची गणती कोण ठेवणार?

उत्तरेकडचे नॉव्हगोरॉड मात्र वाचले. फौज त्याच्यापासून शंभरेक किलोमीटरवरून मागे फिरली. बर्फ वितळून दलदल होण्याचे दिवस जवळ आले होते. कातडी, मेण आणि मध यांच्या व्यापारावर जगणाऱ्या या शहरात जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या आणि पश्चिमेची चांदी तेथूनच रशियात येत असे. मंगोलांनी हे शहर जाळले नाही, पण १२५७ मध्ये त्यांचे शिरगणती करणारे कारकून तेथे पोहोचले. शहराने विरोध केला. शेवटी १२५९ मध्ये राजपुत्र अलेक्झांडर नेव्हस्की याने स्वतः दबाव आणून गणती करवून घेतली. जो वीर म्हणून रशियात पुजला जातो, त्यानेच स्वकीयांना खंडणीच्या वहीत नाव घालायला लावले. आम्हांला यात गद्दारी दिसत नाही. नॉव्हगोरॉडची पेठ शाबूत ठेवण्याचा तो सौदा होता आणि ती शाबूत राहिली. पुढे खान मेंगू-तिमूर याने जर्मन व्यापाऱ्यांना नॉव्हगोरॉडपर्यंत बिनअडथळा येऊ द्यावे असा हुकूमही काढला. व्यापार बंद पाडण्यात खानाचा फायदा नव्हता.

१२६२ चे बंड आणि मक्तेदार

मंगोलांची राजधानी सराई ही व्होल्गा नदीच्या खालच्या अंगाला वसली होती. रशियन राजांनी तेथे जाऊन खानापुढे हजर व्हायचे, नजराणा द्यायचा आणि 'यार्लिक' म्हणजे सनद घेऊन परत यायचे, तेव्हा कुठे ते आपल्या गादीवर कायदेशीर ठरत. खान स्वतः रशियन शहरांत राहत नसे. त्याला महसूल हवा होता, राहायला जागा नव्हे.

मग महसूल गोळा कोणी करायचा? आरंभीच्या काळात ही वसुली मक्त्याने दिली गेली. मक्तेदार आगाऊ रक्कम भरी आणि मग शहराकडून ती व्याजासह काढी. ज्याला देणे जमत नसे त्याला गुलाम म्हणून नेले जाई. १२६२ मध्ये रोस्तोव्ह, व्लादिमिर, सुझदाल, यारोस्लाव्हल या शहरांनी उठाव करून या मक्तेदारांना हाकलून लावले. रशियन बखरी त्यांना 'बेसेरमेन' म्हणतात. हा 'मुसलमान' याचाच अपभ्रंश. यांतले बरेच मध्य आशियातले व्यापारी होते.

आमच्या वाचकांना हे वाचून बरे वाटणार नाही, पण लपवण्यासारखेही त्यात काही नाही. ज्या व्याजाला त्यांच्या धर्माने हराम ठरवले तेच त्यांनी परक्या मुलखात बिनदिक्कत आकारले. बखरकाराने धर्माचे नाव घेतले. त्याच्या वाचकांना लुटले ते मक्त्याच्या कराराने. आगाऊ भरलेला पैसा एका हंगामात दामदुपटीने काढायचा, पुढच्या वर्षी मक्ता आपल्याकडे राहील की नाही याचा भरवसा नाही, अशा माणसाला शहर टिकवण्याची काय गरज? त्या खुर्चीवर कोणत्याही जातीधर्माचा माणूस बसला तरी तो असाच वागतो. याचे पुरावे पुढे आपल्याच मुलखातून देत आहोत.

याच १२६२ च्या सुमारास सराईचा खान बर्के, जो मंगोल खानांत प्रथम मुसलमान झाला, तो बगदाद उद्ध्वस्त करणाऱ्या आपल्या चुलतभावाशी, हुलागूशी लढत होता. मंगोल म्हणजे एक अखंड टोळी ही समजूत तेव्हाच संपली होती.

बंडानंतर मक्तेदार हळूहळू मागे पडले. काही काळ 'बास्काक' नावाचे खानाचे अधिकारी देखरेख करीत. चौदाव्या शतकाच्या आरंभी मात्र वसुलीचे काम रशियन राजांच्याच हाती गेले. यात सर्वांत हुशार निघाला तो मॉस्कोचा इव्हान. त्याचे टोपणनाव 'कलिता', म्हणजे पैशाची थैली. १३२७ मध्ये त्वेर शहराने खानाच्या माणसांविरुद्ध उठाव केला, तेव्हा इव्हान खानाची फौज घेऊन त्वेरवर चालून गेला आणि बक्षिसादाखल पुढे सनद मिळवली. खंडणी वेळेवर पोहोचवायची, खानाला खूश ठेवायचे, मधल्या मध्ये थैली भरायची आणि त्या पैशाने शेजारची गावे विकत घ्यायची, हा त्याचा धंदा. मॉस्कोसारखे दुय्यम गाव पुढे साऱ्या रशियाची राजधानी झाले, त्याच्या मुळाशी हा अडत्याचा व्यवसाय आहे असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

इव्हानचा नातू दिमित्री याने १३८० मध्ये कुलिकोव्होच्या मैदानात मंगोल सेनापती ममाई याचा पराभव केला. पण दोनच वर्षांनी खान तोख्तामिशने मॉस्को जाळले, आणि दिमित्रीच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला त्याचे स्वतःचे नाव, तर दुसऱ्या बाजूला अरबी लिपीत सुलतान तोख्तामिशचे नाव आले. खंडणीचे जोखड कायमचे उतरल्याचे मानले जाते ते १४८० साल. म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षे.

एवढ्या वर्षांत भाषेवर काय उमटले ते पाहा. रशियन भाषेत सरकारी तिजोरीला 'कज्ना' म्हणतात, तो आपला खजिना. कोठाराला 'अंबार', पेटीला 'सुंदुक', म्हणजे आपली संदूक. बाजार तर बाजारच. जकात नाक्याला 'तामोझ्न्या' म्हणतात, तो शब्द 'तमगा' या मंगोल व्यापारी करावरून आला. हाच तमगा बाबराने १५२७ मध्ये खानव्याच्या लढाईपूर्वी मुसलमानांपुरता माफ केला होता. मॉस्कोचा आडत्या आणि हिंगोलीचा आडत्या समोरासमोर बसले तर निम्मा सौदा दुभाष्याशिवाय होईल!

देवगिरीचे सोने, दिल्लीची फौज

आता आपल्या मुलखाकडे. ज्या काळात रशियन राजे सराईला हेलपाटे घालत होते, त्याच काळात आजचा मराठवाडा देवगिरीच्या यादवांकडे होता. औंढा नागनाथ आणि नर्सी ही आजच्या हिंगोली जिल्ह्यातील गावे त्याच राज्यात मोडत. नर्सीचे संत नामदेव (परंपरेने १२७० ते १३५०) यांच्या हयातीतच पुढचे सगळे घडले. ते धंद्याने शिंपी. त्यांचे गुरू विसोबा यांना परंपरा 'चाटी' म्हणते, म्हणजे कापडवाले. राज्ये उलथत होती तेव्हा हिंगोलीच्या भूमीत कापड विकणारे आणि शिवणारे लोक होते, हे या निमित्ताने लक्षात ठेवावे.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी काही हजार स्वारांनिशी अचानक देवगिरीवर आला. फरिश्ता एक चटका लावणारी गोष्ट सांगतो. किल्ल्याखाली कोकणातल्या व्यापाऱ्यांनी टाकून दिलेल्या हजारो गोण्या होत्या. धान्य समजून त्या घाईघाईने किल्ल्यात भरल्या. वेढा पडल्यावर गोण्या फोडल्या, तर आत मीठ! राजा रामचंद्राला शरण जावे लागले. अलोट सोने आणि वार्षिक खंडणीची कबुली घेऊन अलाउद्दीन परतला, चुलत्याचा खून करून दिल्लीच्या तख्ताकडे निघाला, आणि वाटेत छोट्या यंत्राने लोकांवर सोन्याचे तुकडे उधळत गेला, असे बरनी लिहितो. ही लूट होती, तिला दुसरे नाव देण्याची आम्हांला गरज वाटत नाही.

त्या सोन्याचे पुढे काय झाले, हा खरा व्यापारी प्रश्न आहे. १२९९ मध्ये मंगोल दिल्लीच्या वेशीशी आले. १३०३ मध्ये तर्गीने दिल्लीला दोन महिने घेरले. १३०५ व १३०६ मध्ये पुन्हा स्वाऱ्या झाल्या. त्यांना तोंड देण्यासाठी अलाउद्दीनला प्रचंड कायम फौज हवी होती, आणि ती थोड्या पगारात पोसायची तर धान्य स्वस्त हवे होते. म्हणून दिल्लीचे ते प्रसिद्ध बाजारनियंत्रण आले : गहू मणाला साडेसात जितल, जव चार, तांदूळ पाच. मंडीवर 'शहना' नेमला, मुलतानी कापड व्यापाऱ्यांना सरकारी खजिन्यातून २० लाख टंकांची उचल दिली. रशियाला ज्यांनी मांडलिक केले त्यांच्याच भाऊबंदांना दिल्लीने थोपवले, आणि त्या खर्चात देवगिरीच्या शेतकऱ्याचा व सराफाचा वाटा होता. या गोष्टीची नोंद आपल्या शालेय पुस्तकांत सहसा आढळत नाही.

खंडणी थकली तेव्हा १३०७ मध्ये मलिक काफूर आला आणि रामचंद्राला दिल्लीला घेऊन गेला. सुमारे सहा महिने तेथे ठेवून त्याला 'राय-ए-रायान' हा किताब, छत्र आणि एक लाख टंके देऊन परत गादीवर पाठवले. फरिश्ता म्हणतो, नवसारीचा मुलूखही दिला. सराईची यार्लिक आणि दिल्लीचा हा किताब यांत फरक तो किती? त्यानंतर रामचंद्राने शब्द पाळला. १३०९ आणि १३१० मध्ये वारंगळ व द्वारसमुद्राकडे निघालेल्या काफूरच्या फौजेसाठी देवगिरीत बाजार भरला. सराफ बसले, कापडवाले बसले. अमीर खुस्रोने त्या बाजाराचे वर्णन केले आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी लुटलेली पेठ त्याच फौजेला माल विकत होती. व्यापाऱ्याची ही कातडी जाड म्हणावी की शहाणी, हे वाचकांनी ठरवावे.

रामचंद्र आपल्याच माणसांकडून वसुली करून दिल्लीला भरी, तोवर ही व्यवस्था चालली. त्याच्या मुलाने खंडणी बंद केली, युद्ध झाले, आणि १३१८ मध्ये मुबारकशहाने यादव राज्य खालसा केले. पुढे मुहंमद तुघलकाच्या काळात मक्ता आला. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता दौलताबादला आला. हाच मनुष्य काही वर्षांपूर्वी सराईला जाऊन आला होता. तेथे रशियन, किपचाक, चेर्केस अशा प्रत्येक कौमचा निराळा मोहल्ला आणि परदेशी व्यापाऱ्यांसाठी तटबंदीचा वेगळा विभाग त्याने पाहिला. त्या गवताळ प्रदेशातले घोडे हजारोंच्या कळपाने हिंदुस्थानात विकायला येतात आणि वाटेतली सगळी जकात भरूनही व्यापाऱ्यांना भरपूर नफा राहतो, हेही त्याने टिपले आहे. म्हणजे खानाच्या कुरणातला घोडा सिंध-मुलतानच्या बाजारात उभा राहत होता.

दौलताबादेबद्दल तो जवाहिरांच्या सौदागरांचे, द्राक्षांचे व डाळिंबांचे कौतुक करतो, आणि मग एक भयंकर गोष्ट सांगतो. या मुलखाच्या महसुलाचा मक्ता एका हिंदू माणसाने १७ कोटींना घेतला. रक्कम भरता आली नाही. त्याची मालमत्ता जप्त झाली आणि त्याची कातडी सोलली गेली. बीदरचा मक्ता कोटीभर टंक्यांना घेणारा नुस्रतखान मुसलमान होता. त्यालाही पैसे भरता आले नाहीत, तो बंड करून मोकळा झाला. १३४७ मध्ये दख्खन दिल्लीपासून तुटून बहमनी राज्य उभे राहिले, त्याला कारणे अनेक. पण या मक्त्यांनी मुलूख आधीच पिळून निघाला होता, हे त्यांपैकी एक आहे.

रशियातल्या त्या जळालेल्या त्वेर शहराचा एक व्यापारी, अफानासी निकितीन, १४६९ च्या सुमारास चौल बंदरात उतरला. जुन्नरला त्याचा घोडा तेथील खानाने काढून घेतला. एका खोरासानी सज्जनाच्या मध्यस्थीने तो परत मिळाला, आणि बीदरला विकला गेला. आपल्या देशात खपेल असा माल येथे फारसा नाही, अशी त्याची तक्रार आहे. बाराशे कोसांवरून आलेल्या माणसाने घोड्याचा एकच नग आणावा, यात नफा कसला राहणार? रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे.

छावणीचा पगार आणि हिंगोलीचा बाजार

अठराव्या शतकात मराठवाड्यात दुअमली होती. एकीकडे निजामाचा आमीलदार, दुसरीकडे १७१९ च्या सनदांनुसार मराठ्यांची चौथाई व सरदेशमुखी. एका कणसाला दोन कापणारे. निजामाची यातून १८२२ च्या तहाने सुटका झाली. पण तोवर नवी खंडणी सुरू झाली होती, आणि तिचा मुक्काम हिंगोलीत होता.

इंग्रजांनी निजामाच्या खर्चाने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभी केली, तीच पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली. हिंगोली तिचे एक मोठे ठाणे. वर्षाला सुमारे ४० लाख रुपये निजामाच्या डोक्यावर. फौज कोणाच्या कामाची, हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. पगार मात्र दरमहा रोख द्यावा लागे. ती रोकड कोठून आणायची? हैदराबादची विल्यम पामर आणि कंपनी पुढे आली. फौजेला पैसे द्यायचे आणि बदल्यात जिल्ह्यांचा महसूल स्वतःकडे लावून घ्यायचा. १८२० चे ६० लाखांचे कर्ज गाजले. रेसिडेंट मेटकाफने त्यातली अफरातफर उघडी पाडली. १८२३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडून निजामाला दरवर्षी मिळणारा उत्तर सरकारांचा ७ लाखांचा पेशकश कायमचा मोडीत काढून आलेल्या सुमारे १ कोटी १६ लाखांतून पामरची देणी भागवली गेली. जो कालपर्यंत खंडणी घेत होता त्याने ती विकून सावकाराचे तोंड बंद केले! पुढे मुंबईच्या पेस्तनजी मेहेरजी या पारशी पेढीने वऱ्हाडचा महसूल असाच घेतला. औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांच्या नावाचा 'पेस्तनशाही' रुपया पडत असे. १८४५ मध्ये त्यांच्याकडून तो मुलूख काढून घेतला गेला आणि पेढीही बुडाली.

रशियात मक्तेदार मुसलमान होते, दौलताबादेत हिंदू, बीदरला मुसलमान, हैदराबादेत अँग्लो-इंडियन, वऱ्हाडात पारशी. यादी पुरेशी बोलकी आहे.

छावणीमुळे हिंगोलीत पगाराचा रोख पैसा आला, त्याच्यामागे दुकाने आली. शिपायांची वस्ती, कापडवाले, सराफ, कसाब, खानसामे. आणि त्याबरोबर हरिसिंगही आला. या हरिसिंगाची हकीकत मेडोज टेलरने १८३९ च्या आपल्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत दिली आहे. हा छावणीतला प्रतिष्ठित कापडव्यापारी. टेलरचे स्वतःचेही त्याच्याशी व्यवहार होते. मुंबईहून कापड आणण्यासाठी त्याने अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते. हरिसिंगाने वाटेत त्याला नोकरांसह व बैलवाल्यांसह ठार केले, आणि त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणून उघडपणे विकला. छावणीच्या मुख्य पहाऱ्याच्या जवळच बाजारात ठगांनी पुरलेली प्रेते पुढे उकरून काढली गेली. सरकारी कागद खरा, माल खरा, फक्त मालक मेलेला.

थकलेल्या पगारापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड, नळदुर्ग-उस्मानाबाद आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यांतले शेवटचे दोन १८६० मध्ये परत मिळाले. त्याच १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगने मक्त्याची पद्धत मोडायला घेतली. १८६५ च्या जिल्हाबंदीने पगारी तालुकदार नेमले, महसुलाची वही सरकारच्या हाती आली. एक कर्जबाजारी राज्य पायावर उभे राहिले ते प्रामुख्याने या एका बदलाने, असे आमचे मत आहे. त्या आधीपर्यंत हैदराबादचे रुपये दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत. १८५७ नंतर ते नाव जाऊन हालीसिक्का आला.

१९०२ मध्ये वऱ्हाड वार्षिक २५ लाखांच्या भाड्याने इंग्रजांना कायमचे दिले गेले, आणि १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी सैन्यात मिसळून हिंगोलीची छावणी उठली. पलटणी निघून गेल्या. त्यांच्यासाठी बसलेला बाजार उठला नाही. तो आधी कापसाचा झाला, आणि आता वसमत-हिंगोलीच्या हळदीचा आहे.